सोबतिणीची खूण

बुद्धप्रियाने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली, तेव्हाच डॉ. चंद्रप्रभा मुखेडकरांच्या मनात पाल चुकचुकली. ही पोरगी एरवी खुर्ची ओढून शेजारी बसायची, डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायची. आज ती परक्या ऑफिसात आल्यासारखी उभी होती.

"तीन महिन्यांचं सगळं बघून झालं, मॅडम," ती म्हणाली. "रक्ताच्या तपासणीवरून अठ्ठेचाळीस माज पक्के धरलेत. त्या अठ्ठेचाळीस पहाटा कॅमेऱ्यात आहेत. सोबतीण येऊन उभी राहिली, अशा चार."

"चार कमी पडल्या?"

"नाही. चारच आहेत."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "कॅमेऱ्यांतून कोपरे सुटले असतील."

"आठ कॅमेरे आहेत. एकही कोपरा सुटलेला नाही."

"मग तुझं बघण्यात चुकलंय. परत बघ."

"दोनदा पाहिलंय मॅडम."

"मग तिसऱ्यांदा बघ!" बाईंचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खोलीतल्या कारकुनाची टकटक थांबली. त्या एवढ्या का चिडल्या, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

म्हशीचा माज, म्हणजे तिची गाभण राहण्याची वेळ, ही मोठी छळवादी गोष्ट आहे. गाय माजावर आली की हंबरून अख्खी गल्ली डोक्यावर घेते. म्हैस बहुतेकदा गप्प. चारा खाते, रवंथ करते, दूध देते, आणि आतल्या आत तिची वेळ येते आणि निघून जाते. याला मुका माज म्हणतात. ती वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस थांबायचं. अशा पाच-सहा वेळा हुकल्या की म्हैस महिनोन्महिने भाकड राहते आणि मालक डॉक्टरला शिव्या घालतो. शिव्या खाणाऱ्या डॉक्टरांना यावर काही इलाज हवा होता, आणि तो मुदखेडच्या रेल्वे फाटकापलीकडच्या म्हैस संशोधन केंद्रात चंद्रप्रभाबाईंनी शोधून काढला, असं गेली अठरा वर्षं सगळे मानत आले होते.

दोन हजार पाच साली त्या या केंद्रात आल्या. बाईमाणूस वही घेऊन म्हशींच्या मागे फिरतं, यावर केंद्राने पोट धरून हसून घेतलं. नांदेडला त्यांचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. शेजारणींनी मुलगी काय करते विचारलं की आई "सरकारी नोकरी" एवढंच सांगून विषय बदलायची. बाईंनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. पहिल्याच महिन्यात तीनदा पहाटे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मुक्या माजावरच्या म्हशीमागे कळपातली एक जुनी म्हैस येऊन उभी राहिली आणि तिने आपली हनुवटी हिच्या पाठीवर टेकली. माजावरची म्हैस काही सांगत नाही, पण तिची सोबतीण सांगते! म्हणजे सांड लागत नाही, यंत्र लागत नाही. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्यानेही पहाटे उठून दुसरी म्हैस काय करते ते बघावं.

पण तीन पहाटांवर शास्त्र उभं राहत नाही, शेकडो लागतात. त्याच सुमाराला बाईंची आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं आवरून नांदेडहून सकाळची गाडी धरली की केंद्रात पोचायला सात वाजायचे. पहाटे चार ते सहा गोठ्यात बसायला माणूस हवा होता, आणि तो मिळाला लिंबाजी. गोठ्याचा नोकर, सातवी शिकलेला, टपोऱ्या अक्षराचा, केंद्रामागच्या वस्तीवर बायकोपोरांसह राहणारा. तो लिहायचा, बाई वाचायच्या. ज्या म्हशीपुढे तो "सोबतीण आली" लिहील तिला त्या दिवशी कृत्रिम रेतन करायचं. आणि म्हशी खरोखर गाभण राहू लागल्या! शंभरातल्या तीस-बत्तीस राहायच्या, त्या पंचावन्नवर गेल्या. रक्ताच्या तपासण्या तेव्हा केंद्राच्या नशिबी नव्हत्या. पोटात वासरू आहे, याहून मोठा पुरावा कुणी मागितला नाही.

बाईंचे लेख छापून आले, परदेशातून पत्रं आली. बाईंनी दोनदा पुण्याची बदली नाकारली. लग्न केलं नाही, ते या संशोधनापायी असं त्या सांगत नसत, पण लोक तसं धरून चालले आणि त्यांनी ते चालू दिलं. लिंबाजीची धाकटी बुद्धप्रिया हुशार निघाली, तर तिला त्यांनीच पुस्तकं दिली, पशुवैद्यकाच्या प्रवेशाला सोबत गेल्या, आणि आता ती त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. लिंबाजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि चाकूरजवळ गावी गेला. त्याच्या जागी कंत्राटी माणसं आली आणि गाभण म्हशींचा आकडा घसरला. "लिंबाजीमामांची नजर यांना कुठली?" असं बाई येईल त्याला सांगत.

आता सव्वा वर्षाने त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी, पुढच्याच महिन्यात, लातूरच्या मुख्य कार्यालयातून नांदेड-लातूरच्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यासाठी एक भित्तिपत्रक निघणार होतं. म्हशीमागे उभी म्हैस, आणि वर ठळक अक्षरात "मुखेडकर पद्धत". त्याचा नमुना बाईंच्या टेबलाच्या खणात होता आणि दिवसातून दोनदा तरी तो खण विनाकारण उघडला जायचा. त्यांच्या मागे उरणार ते एवढंच होतं.

"उद्या चाकूरला जाऊ," आवाज खाली आणत बाई म्हणाल्या. "तुझे बाबाच दाखवतील तुला, कसं बघायचं ते."

बुद्धप्रियाचा चेहरा उतरला. "मी नाही येत, मॅडम. तुम्ही जाऊन या."

रडूबाई, असं मनात म्हणून बाईंनी केंद्राची जीप सांगितली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या लिंबाजीच्या दारात पोचल्या. चाकूरच्या अलीकडे तीन किलोमीटर आत वळलं की गाव. पत्र्याचं शेड, त्यात दोन म्हशी, आणि कडुनिंबाखाली बांधलेला एक तरणा हाल्या, म्हणजे म्हशीतला नर. ओसरीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निरोपसमारंभाचा फोटो, त्यात हार घातलेला लिंबाजी आणि त्याच्याहून जास्त हसणाऱ्या चंद्रप्रभाबाई.

"या म्याडम, या! लई दिसांनी वाट वाकडी केली," लिंबाजीने खुर्ची झटकली. त्याच्या बायकोने, कोंडाबाईने, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि चहा टाकायला गेली.

बाईंनी हसत हसतच सुरुवात केली. "मामा, तुमची लेक शहाणी झाली. कॅमेरे लावलेत आठ, आणि मला म्हणते, सोबतीण येतच नाही. आता तुम्हीच कान धरा तिचा."

लिंबाजी हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने त्याची घडी घातली, परत उलगडला.

"काय बोलावं म्याडम. मिशीन काय खोटं बोलून राहिलं का?"

"म्हणजे?"

आतून कोंडाबाई उंबऱ्यावर आली. "सांगा की आता! पोरगी तिकडं जीव टांगून बसली हाय. तुमाला आनिक कवर झाकायचं हाय?"

"हाल्या व्हता, म्याडम," लिंबाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

"कुठला हाल्या?"

"आमचाच. घरचा. एक म्हातारा झाला की दुसरा धरायचो. पहाटं कुंपनाच्या भायेरून त्याला फिरवत व्हतो, मागच्या अंगानं. जी म्हैस माजावर आसंल ती आपसूक तारंजवळ यायची. ह्यो नाक वर करून व्हट मुरडायचा. झालं. दोन घटकंत समदं कळायचं. त्याचं कंदी चुकलं न्हाई."

बाईंना आधी काही समजलंच नाही. त्या शास्त्रज्ञ होत्या, म्हणून त्यांनी पहिल्यांदा शास्त्राचाच प्रश्न विचारला. "आणि सोबतीण? ती यायची ना तेव्हा?"

"कदी यायची, कदी न्हाई. मी लिहीत व्हतो."

"न बघता?"

"हाव."

"अठरा वर्षं?"

"हाव, म्याडम."

कोंडाबाईने चहाचे कप आणून ठेवले. कुणी हात लावला नाही. शेडातली एक म्हैस शेपटीने माशा हाकत होती.

"मला सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "एका शब्दाने सांगायचं होतं, मामा."

"कसं सांगू? भायेरचं जनावर कुंपनापास्नं शंभर हाताच्या आत दिसलं तर आननाऱ्याची नोकरी गेली, आसा कागद फाटकावर लागला व्हता. खाली तुमचीच सही. माझी तीन लेकरं. पर हाल्याबिगर माज कळंना, आन् माज न्हाई कळला तर तुमी मला गोठ्यावरून काढनार. मंग काय करू?"

तो कागद खरा होता. बाहेरच्या जनावरांपासून गर्भपाताचा रोग शिरू नये म्हणून बाईंनीच तो लावला होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हाल्या लपवलात. मग नुसतं 'माजावर आहे' लिहायचं! सोबतीण कशाला घातलीत त्यात? ती खोटी कशाला लिहिलीत?"

लिंबाजीने पहिल्यांदा वर पाहिलं. "सुरवातीला न्हाई लिहिली. आठवा. नऊ दिस मी लिहिलं, कोनी जवळ आलं न्हाई. तुमी म्हनल्या, मामा, डोळा लागला आसंल तुमचा, नीट बगत जा. धाव्या दिशी मी लिहिलं, आलती, पाठीवर हनुवटी ठिवली. तुमी लई खुश झाल्या. दुसऱ्या दिशी नांदेडहून पेढे आनले." त्याने टॉवेल बाजूला ठेवला. "खरं सांगू का म्याडम? म्हशीकडं बगायची मला गरजच न्हवती. ते काम हाल्या करायचा. मी तुमच्याकडं बगत व्हतो. वही उगडली की तुमचं तोंड कसं व्हतंय, त्यावरनं मला कळायचं उद्या काय लिहायचं."

जनावराचा कान कुठे वळला, शेपूट किती उचलली, पापणी कधी मिटली, यावरून त्याच्या पोटातलं ओळखण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. आणि रोज सकाळी सात वाजता समोर उभा राहून हा माणूस त्यांच्या भुवया वाचत होता. त्यांना एकदम आठवलं, एका दिवाळीत आईजवळ बहीण राहायला आली, तेव्हा त्या चार दिवस पहाटे स्वतः गोठ्यात जाऊन बसल्या होत्या. काहीच दिसलं नाही. "तुमी आल्या की म्हशी बुजत्यात, म्याडम," असं लिंबाजीने सांगितलं, आणि त्यांनी त्यावर अख्खा लेख लिहिला! अनोळखी निरीक्षकामुळे म्हशींच्या वागण्यात पडणारा फरक. त्या लेखाला बक्षीस मिळालं होतं.

"तुमचं मन मोडायचं न्हवतं," लिंबाजी म्हणाला.

"माझं मन जपायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाई उठल्याच. "मी लहान मूल होते का? मला खरं हवं होतं! खऱ्यासाठी बसवलं होतं तुम्हाला तिथे!" आणि मग, दारापर्यंत गेल्यावर, एक विचार येऊन त्या वळल्या. "प्रियाला हे माहीत होतं?"

कोंडाबाईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं. "तिच्याच हातात दोर आसायचा की," ती म्हणाली. "साळंला जायाच्या आदी."

जीप मुदखेडला पोचेपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ड्रायव्हरने दोनदा काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. बापाचं एक वेळ समजता आलं असतं. पण ही पोर! हिला त्यांनी अकरावीत गणित शिकवलं, तापात दवाखान्यात नेलं, लोकांना "माझी प्रिया" म्हणून सांगितलं. दरवेळी त्या सोबतिणीचं कौतुक सांगत, तेव्हा ती डोळे मोठे करून ऐकत असे.

बुद्धप्रिया केंद्राच्या व्हरांड्यातच उभी होती. जीप येताना पाहूनही ती पुढे आली नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"सात वर्षांची होते तेव्हापासून. तेव्हा मला कळतही नव्हतं, मॅडम. बाबा म्हणायचे, कुणाला सांगू नको, मी नाही सांगितलं. मग कॉलेजात तुमचे लेख अभ्यासाला आले, तेव्हा कळलं."

"त्यालाही सहा-सात वर्षं झाली. तोंड शिवलं होतं का?"

"बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि तुमच्यासमोर ते बोलायला जीभच उचलेना. म्हणून हाच विषय मागितला. कॅमेरे मागितले. म्हटलं, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघाल, मला सांगावं लागणार नाही."

"छान," बाई म्हणाल्या. "बापाने अठरा वर्षं माझं तोंड बघून वही लिहिली, आणि लेकीने मला प्रयोगाला लावलं. माझ्यावर दोघांचीही पीएच.डी. व्हायला हरकत नाही." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. रडायला येईल असं त्यांना वाटलं होतं. रडू आलं नाही, नुसताच संताप येत राहिला.

दोन दिवसांनी त्या लातूरला गेल्या आणि संचालकांपुढे सगळं सांगून टाकलं. डॉ. रेणुकादास त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, पण गोड बोलण्यात सगळ्यांचा बाप. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन चहा मागवले, दार लोटून घेतलं.

"ताई, भित्तिपत्रक थांबवू. तांत्रिक कारण सांगू," ते म्हणाले. "आणि तुमचं म्हणाल तर चार ओळींचं पत्र पुरे. निरीक्षक लिंबाजी अमुक यांनी हेतुपुरस्सर खोट्या नोंदी केल्या, सबब निष्कर्ष मागे घेत आहोत. संपलं. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. उलट सहानुभूती मिळेल."

"त्याचं नाव घालायचं?"

"नाव नसेल तर लोक तुम्हालाच दोष देतील. तो निवृत्त माणूस, गावात म्हशी सांभाळतोय. त्याला काय फरक पडतो? आणि ताई, तुम्ही फसवल्या गेलात, हे काय खोटं आहे का?"

खरं सांगायचं तर बाईंना ते पत्र फार आवडलं. लातूरहून परतताना वाटेतच त्यांनी ते मनात लिहून काढलं, आणि चाकूरचा फाटा आला तेव्हा मान दुसरीकडे वळवली. त्या फसवल्या गेल्या होत्या! हे जगाला कळायलाच हवं होतं. बुद्धप्रियाला काय वाटेल, हा विचार आला, तेव्हा वाटू दे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यांना स्वतःला काय वाटेल, हे कुणी विचारलं होतं?

पत्राला तारीख हवी होती. खोट्या नोंदी नेमक्या कधी सुरू झाल्या, ते लिहायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जुन्या कपाटातून पहिली वही काढली. धूळ झटकली, पहिलं पान उघडलं.

लिंबाजीचं टपोरं अक्षर. पहिला दिवस, कोणी जवळ आलं नाही. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्या दिवशी त्याने जास्तीची एक ओळ लिहिली होती. "११२ नंबर तारेजवळ गेली. बाहेर वस्तीवरचा हाल्या होता. ती माजावर असावी." पाचव्या दिवशी पुन्हा, "८७ नंबर हाल्याकडे गेली." सातव्या दिवशी पुन्हा.

बाईंनी चष्मा वर सारला आणि वही डोळ्यांजवळ नेली. नऊही दिवसांवर लाल शाईची एक तिरपी रेघ होती. शेजारी बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "निरीक्षक नवखा. नको ते बघतो. नोंदी वगळाव्यात." अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. आणि सातव्या दिवसाच्या समासात, त्याच लाल शाईने, स्वतःला आठवण म्हणून, "बाहेरचा हाल्या कुंपणापाशी? रोगाचा धोका. फाटकावर नोटीस लावणे."

लिंबाजीने त्यांना सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा, लेखी, तारखेसह सांगितलं होतं. आणि त्यांनी त्याचं खरं लाल शाईने खोडलं होतं, हाल्यावर बंदी घातली होती, वर फाटकावर स्वतःच्या सहीचा कागद टांगला होता. पुढच्या पानावर, दहाव्या दिवशी, सोबतीण आली होती. त्या ओळीखाली लाल शाईने "शाब्बास" असं लिहिलेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी बुद्धप्रियाला बोलावलं आणि कागद तिच्या हातात दिला. "हे टाइप करून लातूरला पाठव. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

ती उभ्या उभ्या वाचू लागली. पत्र चार ओळींचं नव्हतं, पावणेदोन पानांचं होतं. सुरुवातीच्या नऊ दिवसांच्या खऱ्या नोंदी आपण वगळल्या. त्यांत मुका माज ओळखण्याची रीत लिहिलेली होती, ती आपण रोगाच्या भीतीने आणि आपल्या कल्पनेच्या प्रेमाने पाहिली नाही. त्यानंतरच्या नोंदी आपल्या अपेक्षेच्या दबावाखाली झाल्या. म्हशी गाभण राहिल्या त्या हाल्यामुळे. सोबतिणीच्या खुणेला आधार नाही. सर्व लेख मागे घेत आहे. खाली सही. लिंबाजीचं नाव एकदाच आलं होतं, त्या नऊ दिवसांच्या नोंदी करणारा म्हणून.

"मॅडम..." बुद्धप्रियाने सहीवरून नजर वर केली. "रेणुकादास सर हे जाऊ देणार नाहीत."

"सरांना मघाशीच फोन करून सांगितलं. म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. मी म्हटलं, धोंडाही माझा, पायही माझा."

"मी बाबांना उद्याच घेऊन येते. ते रोज रडतात, मॅडम. आई म्हणते, जेवत नाहीत. तुम्ही एकदा त्यांच्याशी बोललात तर..."

"नको."

ती गोंधळून बघत राहिली. "पण तुम्ही तर यात सगळं स्वतःवर घेतलंय. म्हणजे त्यांना माफच केलंत ना?"

"कुठे लिहिलंय तसं?" बाईंनी कपाटाला कुलूप लावलं. "चूक माझी होती, ती लिहिली. तुझं काम चोख आहे, त्यावर मी सही करीन, तुला डॉक्टर करूनच इथून जाईन. पण बाबांना म्हणावं, येऊ नका. मला त्यांच्याशी बोलता येणार नाही."

"का, मॅडम?"

बाई खुर्चीवर बसल्या. "आईला पलंगावर ठेवून मी इथे यायचे. लोक हसायचे. अठरा वर्षं रोज सकाळी अर्धा तास मी त्या माणसासमोर बसून चहा प्यायचे. म्हशींबद्दल बोलायचो, तुमच्याबद्दल, माझ्या आईबद्दल. ती गेली ते मी सगळ्यांत आधी त्यांना सांगितलं. तेवढाच अर्धा तास मला दिवसभरात बरं वाटायचं." त्यांनी नाक पुसलं. "आणि ते सगळा वेळ माझं तोंड बघत होते, मी चिडते की काय म्हणून. त्यांना माझी भीती वाटत होती, प्रिया. मला वाटायचं, आमचं चांगलं जमतं."